मुलाची शाळा की मुलांची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

५ सप्टेंबर जवळ आला की इंदूरच्या शाळांच्या फाटकांवर, कोचिंग क्लासच्या भिंतींवर आणि राजवाड्यापासून पलासियापर्यंतच्या फ्लेक्सवर इंग्रजीत “हॅपी टीचर्स डे” झळकू लागतं. हे तीन शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेले दिसतात. कुठे अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वरच्या अंगाला लागणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, एसच्या आधी, कुठे एसच्या नंतर, कुठे ती मुळी नाहीच. विचारलं तर उत्तर मिळतं, “काय फरक पडतो, वाचणाऱ्याला कळतं ना!” आता तर चांगली शिकलेली मंडळीही म्हणू लागली आहेत की इंग्रजांनीच हे चिन्ह सोडत आणलंय, मग आपण कशाला ते लोढणं गळ्यात बाळगायचं? फरक पडतो, आणि तो कुठे पडतो हे मराठी लिहिणाऱ्याला समजायला अवघड नाही. तेच काम करणारं एक चिन्ह आपण दिवसभर लिहीत असतो.

मुलाची शाळा आणि मुलांची शाळा. दोन्हींत फरक आहे तो “ला”च्या डोक्यावरच्या एका टिंबाचा. टिंब नसेल तर मुलगा एक, टिंब असेल तर अनेक. इंग्रजीत हाच निवाडा अपॉस्ट्रॉफीची जागा करते. “बॉय”नंतर चिन्ह आणि मग एस, म्हणजे एका मुलाची. “बॉइज” पुरं लिहून त्यानंतर चिन्ह, म्हणजे मुलांची. मात्र एक मोठा भेद आहे. मराठीतलं ते टिंब कानाला ऐकू येतं, “मुलांची” म्हणताना आवाज नाकात जातो. इंग्रजीत मुलाची, मुलांची आणि नुसती “मुलं” या तिन्हींचा उच्चार तंतोतंत एकच, बॉइज. बोलण्यात पुढचंमागचं बोलणं सांभाळून घेतं. कागदावर तो भार एकट्या चिन्हावर येतो.

त्यामुळे चूक कुठे महागात पडते तर दस्तऐवजात. मृत्युपत्रात “माझ्या भावाची मुलं” आणि “माझ्या भावांची मुलं” यांच्यात वारसांची संख्याच बदलते. मसुदा इंग्रजीत असेल तर तो पक्षकारांना मोठ्यानं वाचून दाखवला तरी हा फरक कोणाच्या कानाला लागणार नाही. सही करण्याआधी त्या शब्दावर बोट ठेवून चिन्ह एसच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं. भाऊ एकाहून जास्त असतील तर अशा ठिकाणी चिन्हावर विसंबू नये, नावं लिहावीत. चांगले वकील तेच करतात.

चिन्ह कुठे द्यायचं याचे शाळेत सात-आठ नियम शिकवले जातात आणि मुलं ते सगळे विसरतात. खरं तर नियम एकच आहे. आधी स्वतःला विचारायचं, कोणाचा? त्याचं उत्तर असलेला शब्द इंग्रजीत पूर्ण लिहायचा, त्याला हात लावायचा नाही, आणि तो संपला की लगेच चिन्ह द्यायचं. मग पाहायचं की त्या शब्दाला अनेकवचनाचा एस आधीच आहे का. असेल तर काम संपलं. नसेल तर चिन्हापुढे एस जोडायचा. टीचर्स डे कोणाचा? शिक्षकांचा, म्हणजे “टीचर्स”. शब्द पूर्ण झाला, चिन्ह दिलं, एस आधीच आहे, थांबलो. चिल्ड्रन्स डे कोणाचा? मुलांचा. “चिल्ड्रन” हा शब्दच अनेकवचनी आणि त्याला एस नाही, म्हणून आधी चिन्ह आणि मग एस. विमेन, मेन, पीपल यांचंही तसंच. ८ मार्चच्या फलकावर एसनंतर चिन्ह दिलेलं दिसलं तर ते चूकच आहे.

“कोणाचा” याचं उत्तर एकवचनी की अनेकवचनी हे ठरवायला मराठीतला अनुस्वार हाताशी आहे. रजेचा अर्ज घ्या. एका दिवसाची रजा आणि दोन दिवसांची रजा. पहिल्यात “सा”वर टिंब नाही, म्हणून “डे” लिहून चिन्ह आणि मग एस. दुसऱ्यात टिंब आहे, म्हणून “डेज” पूर्ण लिहून त्यानंतर चिन्ह. इंदूरच्या कचेऱ्यांत रोज असे अर्ज पडतात आणि बहुतेकांत दोन दिवसांच्या रजेलाही एकाच दिवसाचं चिन्ह असतं. महिन्याची नोटीस आणि तीन महिन्यांची नोटीस यांचंही हेच. (“टेन-डे लीव्ह” असं जोडरेघ देऊन लिहिलं तर मात्र एसही नको आणि चिन्हही नको. तिथे “डे” हे विशेषण झालं.)

या अनुस्वाराच्या कसोटीला एक खोच आहे आणि मराठी मुलं तिथेच अडखळतात. आपण आदरासाठीही अनेकवचन वापरतो. प्राचार्यांचं कार्यालय, सरांची वही, आजोबांची काठी. माणूस एकच, पण अनुस्वार आहे. इंग्रजीला आदरार्थी बहुवचन नाही. त्यामुळे “प्राचार्यांचं कार्यालय” मनात धरून लिहिणारा “प्रिन्सिपल्स” लिहून चिन्ह एसनंतर टाकतो, आणि दारावरच्या पाटीवरून वाटतं की शाळेला प्राचार्य तीन-चार आहेत. म्हणून कसोटी लावताना आदर क्षणभर बाजूला ठेवून डोकी मोजायची. शिक्षकांनी ही एक गोष्ट फळ्यावर दोन उदाहरणांनी दाखवली तरी वर्गातल्या निम्म्या चुका जातील.

सर्वनामांचं वेगळं आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात, विशेषतः “इट्स” या शब्दात. मराठीत आपण “मीचा” किंवा “तूचा” म्हणत नाही. माझा, तुझा ही सर्वनामांची स्वतःची षष्ठीची रूपं तयार आहेत. इंग्रजीतही हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स आणि इट्स ही तयार रूपं आहेत. त्यांना चिन्हाची गरजच नाही. “इट” या शब्दानंतर चिन्ह आणि मग एस दिसला तर त्याचा अर्थ फक्त “ते आहे” किंवा “ते झालेलं आहे” एवढाच. तिथे गळलेल्या अक्षरांच्या जागी चिन्ह बसलेलं आहे. वाक्यात त्या जागी “इट इज” किंवा “इट हॅज” घालून वाचायचं. वाक्य नीट लागलं तर चिन्ह ठेवायचं, नाही लागलं तर काढायचं. याला दोन सेकंद लागतात. “हूज” या शब्दालाही हीच कसोटी चालते.

गळलेल्या अक्षरांची खूण हे या चिन्हाचं मूळ काम. सोळाव्या शतकात फ्रेंच मुद्रकांच्या वळणानं ते इंग्रजी छपाईत आलं ते याच कामासाठी. आपल्याकडे संस्कृतात अवग्रह हेच करतो. सः आणि अहम् मिळून सोऽहम् होताना गेलेल्या “अ”ची जागा तो राखतो. षष्ठीचं कामही त्यातूनच आलं. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांच्या षष्ठीला ईएस लागत असे, त्यातला ई बोलण्यात गळला आणि त्याच्या जागी हे चिन्ह उभं राहिलं. पुढे ई नसलेल्या शब्दांनाही ते लागलं, आणि अनेकवचनात एसच्या नंतर देण्याची रीत तर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पक्की नव्हती. इंग्रजीनं नामांच्या बाकी सगळ्या विभक्त्या टाकून दिल्या. उरली ती षष्ठी तेवढी, आणि तिची लेखी ओळख हे चिन्ह.

आता बाजारातल्या पाट्या. इथे चूक उलटी आहे. नको तिथे चिन्ह. फोटो, मोमो, सारी, समोसा अशा स्वरान्त शब्दांचं अनेकवचन करताना पेंटरला नुसता एस उघडा वाटतो, म्हणून तो मध्ये चिन्ह टाकतो. अनेकवचनाला चिन्ह लागत नाही. आमदारांसाठीच्या “एमएलए” या इंग्रजी आद्याक्षरांपुढेही अनेकवचनाला नुसता एस पुरतो, १९९० च्या दशकालाही. अपवाद एकच, सुट्या छोट्या अक्षराचं अनेकवचन; तिथे चिन्ह नसेल तर “ए”पुढे एस लागून “अ‍ॅज” हा वेगळाच शब्द होतो. शिंप्यांच्या पाट्यांवर “लेडीज टेलर”मध्ये चिन्ह ईनंतर आणि एसच्या आधी दिसतं. आपला नियम लावून पाहा. कोणाचा शिंपी? बायकांचा. शब्द “लेडीज”. तो पुरा होऊ द्यायचा आणि मग चिन्ह. एसच्या आधी ते ठेवलं तर मागे “लेडी” उरत नाही, आयई शेवटी असलेलं भलतंच काहीतरी उरतं.

घराच्या पाटीवरही हेच. गेटवर “कुलकर्णी”पुढे चिन्ह आणि एस लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ “कुलकर्णीचं”, आणि काय कुलकर्णीचं ते अधांतरी राहतं. कुटुंब म्हणायचं असेल तर आधी “द” आणि नावाला नुसता एस. कुलकर्ण्यांचं घर म्हणायचं असेल तर एसनंतर चिन्ह. व्यास, दास, श्रीनिवास अशी एसनं संपणारी नावं असली की लोक गोंधळतात. तिथे दोन रीती आहेत. पुस्तकांसाठी वापरली जाणारी शिकागोची नियमावली चिन्ह देऊन आणखी एक एस जोडायला सांगते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची नियमावली विशेषनामांना नुसतं चिन्ह पुरे म्हणते. दोन्ही चालतात, पण एका पत्रिकेत एकच चालवावी. भाऊ-भाऊ भागीदार असतील तर मराठीसारखंच करायचं. “राम आणि श्यामचं दुकान” म्हणताना प्रत्यय शेवटच्या नावालाच लागतो, इंग्रजीतही चिन्ह शेवटच्या नावालाच. दुकानं वेगवेगळी असतील तर दोघांनाही.

आणि हो, देवनागरीत “शर्मा” लिहून पुढे चिन्ह आणि “ज” लिहिण्याची जी नवी रीत आली आहे तिचं काही कारण नाही. देवनागरी उच्चार लिहिते. “शर्माज” एवढं पुरतं.

इंग्रजांनीच हे चिन्ह सोडलं, या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते जेवढं सांगितलं जातं तेवढं नाही. वॉटरस्टोन्स या ब्रिटिश पुस्तकविक्रेत्यानं जानेवारी २०१२ मध्ये आपल्या नावातलं चिन्ह काढलं. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकाडिली मार्गावर लागोपाठ दोन स्टेशनं आहेत, अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट. पहिल्यात चिन्ह आहे, दुसऱ्यात नाही. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ १८९० मध्ये स्थापन झालं तेव्हापासून षष्ठीचं चिन्ह टाळत आलं आहे. त्यानं अपवाद केले ते फक्त पाच, त्यातला पहिला मार्थाज व्हिनयार्ड या बेटाचा, १९३३ मध्ये. दुसरीकडे, इंग्लंडच्या मिड डेव्हन परिषदेनं २०१३ मध्ये नव्या रस्त्यांच्या नावांतून चिन्ह हटवायचं ठरवलं आणि लोकांचा रोष पाहून थोड्याच दिवसांत ते मागे घेतलं. यातली जवळजवळ सगळी उदाहरणं विशेषनामांची आहेत. विशेषनाम हे नावाच्या मालकाच्या हातात असतं. आपणही एखादं आडनाव मालक लिहील तसंच छापतो, मग ते व्याकरणात बसो न बसो. त्यावरून वाक्यातलं चिन्ह उडवता येत नाही.

नाटककार बर्नार्ड शॉ यांचं नाव या वादात हमखास घेतलं जातं. त्यांनी “डोन्ट”, “हॅवन्ट” असे शब्द वर्षानुवर्षं चिन्हाशिवाय छापून घेतले हे खरं. पण चिन्ह गाळल्यानं दुसराच शब्द उभा राहतो तिथे ते ठेवायचं, ही मर्यादा त्यांनीच घातली होती. “ही विल”च्या जोडरूपातलं चिन्ह काढलं की “हेल”, म्हणजे नरक होतो. “आय विल”चं “इल” म्हणजे आजारी होतं, “वी विल”चं “वेल” म्हणजे विहीर. शॉ यांचा दाखला द्यायचा तर तो अर्धा देऊन चालणार नाही.

आपल्याकडे हेच घडून गेलेलं आहे. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले तेव्हा “नांव”, “पांच”, “कांहीं”, एकवचनी “घरांत” यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण “मुलांना”, “घरांना” यांवरचा अनेकवचनाचा अनुस्वार त्याच नियमांनी आवर्जून ठेवला, आदरार्थी बहुवचनातलाही. ज्या टिंबावर अर्थ टेकलेला नव्हता ते गेलं, ज्यावर टेकलेला होता ते राहिलं. इंग्रजीनंही तेच केलं आहे. “फोन”, “बस”, “फ्लू” या शब्दांच्या आधी पूर्वी चिन्ह असे, कारण ती लांब शब्दांची तोडलेली रूपं. आज ते कोणी देत नाही आणि कोणाचं अडतही नाही. “टीचर्स डे” चिन्हाशिवाय लिहिणाऱ्यालाही बाजू मांडता येईल. आपण “शिक्षक दिन” म्हणताना “चा” कुठे लावतो? तसाच तो समास मानायचा. अमेरिकेतला व्हेटरन्स डे अधिकृतपणे बिनचिन्हाचाच आहे. युनेस्कोचा ५ ऑक्टोबरचा जागतिक शिक्षक दिन मात्र एसनंतर चिन्ह देऊन लिहितात, आणि आमचा कौल त्यालाच. पण एसच्या आधी चिन्ह देऊन शिक्षक एकच करून टाकणं कोणत्याच बाजूनं टिकत नाही. मदर्स डेचं चिन्ह एसच्या आधी असतं म्हणून तो नमुना उचलला जातो. तिथे ते जाणूनबुजून दिलेलं आहे. तो दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्व्हिस यांचा आग्रहच होता की प्रत्येकानं आपल्या एका आईचा मान करावा, जगातल्या सगळ्या आयांचा नव्हे. आणि “चिल्ड्रन” किंवा “विमेन”ला नुसता एस लावून चिन्ह गाळणं तर कधीच बरोबर होत नाही, कारण तसा शब्दच इंग्रजीत नाही.

शेवटी छापखान्याकडे वळू, कारण नियम माहीत असूनही चिन्ह हरवतं ते तिथे. इंदूरमध्ये पत्रिका, पावत्या, फ्लेक्स यांचं बरंच काम अजून कृतिदेव फाँटमध्ये होतं. कृतिदेवमध्ये कीबोर्डवरच्या अपॉस्ट्रॉफीच्या कीवर अर्धा “श” आहे. “शुभ विवाह”मधला “शुभ” टाइप करताना ऑपरेटर दाबतो तो अपॉस्ट्रॉफी, के, क्यू, मोठा एच, के. त्याच ओळीत इंग्रजी शब्द आला आणि फाँट बदलायचा राहिला की चिन्हाच्या जागी अर्धा “श” उमटतो. ऑपरेटरला तो दिसतो, तो पुसतो, पण त्या जागी इंग्रजी फाँट लावून चिन्ह परत देत नाही. फलकांवरची कितीतरी चिन्हं अशी गेलेली असतात, अज्ञानानं नव्हे. उपाय सोपा आहे. इंग्रजी शब्द पुरा निवडून आधी त्याला इंग्रजी फाँट लावावा आणि मगच चिन्ह टाइप करावं.

वर्डमध्ये वेगळी अडचण येते. ते सरळ चिन्हाला आपोआप वळणदार करतं. शब्दाच्या मध्ये ते बरोबर वळतं. पण चिन्ह शब्दाच्या सुरुवातीला आलं, जसं शतक गाळून नुसतं “९०” लिहिताना, की वर्डला वाटतं अवतरण सुरू झालं, आणि चिन्ह उलटं, सहाच्या आकड्यासारखं पडतं. अपॉस्ट्रॉफी नेहमी नऊच्या आकड्यासारखी असते, शेपूट खाली आणि डावीकडे. अशा ठिकाणी कंट्रोल धरून अपॉस्ट्रॉफीची की दाबावी, सोडावी आणि पुन्हा तीच की दाबावी. किंवा अंकांच्या कीपॅडवर ऑल्ट धरून ०१४६ टाइप करावं.

शाळांच्या पालकांना जाणाऱ्या इंग्रजी एसएमएसमध्ये हे वळणदार चिन्ह उलट नको. साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात ती सात बिटांच्या ठरावीक अक्षरसंचामुळे. त्या संचात सरळ अपॉस्ट्रॉफी आहे, वळणदार नाही. वर्डमधून “पेरेंट्स मीटिंग”चा मजकूर उचलून चिकटवला आणि त्यात एक जरी वळणदार चिन्ह आलं, तरी सगळा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० अक्षरांवर येते. त्याहून लांब संदेशाचे ६७-६७ अक्षरांचे तुकडे पडतात. म्हणजे १५० अक्षरांचा, एकात मावणारा संदेश तीन संदेशांच्या पैशांत जातो. आयफोनवरून मजकूर पाठवणाऱ्यांनी कीबोर्डच्या सेटिंगमधलं स्मार्ट पंक्चुएशन बंद करावं. मराठी संदेशाला हा प्रश्न नाही, तो तसाही युनिकोडमध्येच जातो.

५ सप्टेंबरचे फलक आता डिझाइनला जातील. शाळांनी छापखान्याकडून प्रूफ मागवावं ते कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचे कर्व्ह करण्याआधी. कर्व्ह केले की अक्षरं अक्षरं राहत नाहीत, त्यांची चित्रं होतात. मग चिन्ह एसच्या अलीकडून पलीकडे न्यायचं तर ते वेगळं निवडून हातानं सरकवावं लागतं, एस मागे ओढावा लागतो आणि अंतर बिघडतं. रात्रीच्या घाईत ते कोणी करत नाही.

आपला,
एक मुद्रितशोधक,
इंदूर